पित्ताशयाचे आकुंचन आणि कॅल्शियमचा निरोप

जयपूर आणि त्याच्या आसपासच्या ढुंढाड प्रदेशात दाल-बाटी-चुरमा हा पाहुणचाराचा बेत समजला जातो. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यावर भाजून ते तुपात बुडवितात. चुरम्यात तूप असतेच, आणि वाढणारा पंक्तीतून फिरतो तो तुपाचे भांडे हातात घेऊनच. अशा एका जेवणात पन्नास-साठ ग्रॅम स्निग्ध पदार्थ पोटात जाणे मुळीच अवघड नाही. परंतु तूप पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातील पाचक रस तर बहुतांशी पाणीच असतात. तुपाचे अतिसूक्ष्म कण करून त्यांना पाण्यात तरंगत ठेवणारा पदार्थ नेमक्या वेळी व पुरेशा प्रमाणात तेथे येऊन पोचला नाही, तर त्या तुपाचा बराचसा भाग न पचताच शरीराबाहेर जाईल. हा पदार्थ म्हणजे पित्त होय. यकृत ते रात्रंदिवस तयार करीत असते. जेवणाची वेळ होईपर्यंत ते साठवून ठेवणे आणि वेळ येताच आतड्यात लोटणे हे काम पित्ताशयाचे.

येथे एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. मराठीत आपण ‘पित्त झाले’ किंवा ‘पित्त उसळले’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा जठरातील आम्लाविषयी बोलत असतो. त्या जळजळीचा पित्ताशयाशी काही संबंध नसतो. आयुर्वेदातील ‘पित्त’ ही तर याहून कितीतरी व्यापक कल्पना आहे. या प्रकरणात पित्त म्हणजे यकृतातून स्रवणारा हिरवट-पिवळा कडू रस, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. पित्ताशयातील खड्यामुळे होणाऱ्या वेदनेला ‘पित्त’ समजून महिनोन् महिने आम्लनाशक गोळ्या घेत राहणारे रुग्ण महाराष्ट्रातही आढळतात आणि त्याच वेदनेला ‘गॅस’ म्हणणारे रुग्ण राजस्थानातही आढळतात.

टाके आणि त्याची भिंत

जयपूरजवळ जयगडावर पावसाचे पाणी साठविण्याची मोठमोठी टाकी आहेत. आपल्या सह्याद्रीतील गडांवरही अशी टाकी कातळात खोदलेली असतात. पित्ताशय हे शरीरातील असेच एक टाके आहे असे म्हणता येईल. मात्र ते फार लहान आहे. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली ही पिशवी आकाराने पेरूसारखी नव्हे, तर नासपतीसारखी, एका टोकाला निमुळती असते. तिची लांबी ७ ते १० सेंटिमीटर आणि सामावून घेण्याची शक्ती ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाएवढी असते. यकृत मात्र दिवसाला पाऊण लिटराच्या आसपास पित्त तयार करते. मग एवढ्याशा टाक्यात ते मावते कसे? याचे उत्तर असे की, पित्ताशयाचे आतील अस्तर पित्तातील पाणी व क्षार सतत शोषून घेते आणि त्यामुळे पित्त पाच ते दहा पट, कधी त्याहूनही अधिक घट्ट होते. गडावरच्या टाक्याशी असलेले साम्य येथे संपते, पण एक साम्य उरते. ज्या टाक्याचा उपसा होत नाही त्याच्या तळाशी गाळ बसतो. पित्ताशयाचेही तसेच आहे, हे आपण पुढे पाहणार आहोत.

पित्ताशय स्वतःहून रिकामे होत नाही. त्याच्या भिंतीत स्नायूंचा एक पातळ थर असतो. आतड्याच्या भिंतीत जसे आडवे आणि उभे असे दोन सुबक थर दिसतात, तसे येथे नसते. उभे, आडवे, तिरपे असे स्नायूंचे जुडगे एकमेकांत विणल्यासारखे गेलेले असतात. त्यामुळे हा थर आकुंचन पावला की पिशवी सर्व बाजूंनी दाबली जाते. हे स्नायू अरेखित जातीचे असतात. दंडातील किंवा पोटरीतील स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर आडव्या रेषा दिसतात. अरेखित स्नायूंच्या चातीसारख्या लांबट पेशींवर त्या दिसत नाहीत. दंडाचा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, हा स्नायू हलत नाही. दंडाचा स्नायू एका सेकंदाच्या काही दशांशांत आखडतो व सैल होतो. पित्ताशयाचा स्नायू मात्र आपला दाब हळूहळू वाढवीत नेतो आणि अर्धा-पाऊण तास टिकवून धरतो.

मग प्रश्न असा की, यकृताखाली अंधारात दडलेल्या या पिशवीला तूप आल्याची वर्दी कोण देते? आणि वर्दी मिळाल्यावर पेशीच्या आत नेमके काय घडते?

वर्दी देणारे संप्रेरक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९२८ साली मिळाले. अमेरिकेत अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा अर्क काढून प्राण्यांच्या शिरेत टोचला, तेव्हा त्यांची पित्ताशये आकुंचन पावली. आतड्यातून रक्तात मिसळणारा कोणीतरी रासायनिक निरोप्या आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. पित्त, पिशवी व हालचाल या अर्थांचे तीन ग्रीक शब्द जोडून त्यांनी त्याला कोलेसिस्टोकायनिन असे नाव दिले. पुढे १९४३ साली स्वादुपिंडाला पाचक रस स्रवायला लावणारे एक संप्रेरक सापडले आणि त्याला वेगळे नाव मिळाले. ही दोन्ही संप्रेरके एकच आहेत हे उघडकीस यायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. स्टॉकहोम येथे एरिक यॉर्पेस आणि व्हिक्टर मुट यांनी डुकरांच्या आतड्यांपासून ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि त्यात ३३ ॲमिनो आम्लांची साखळी असल्याचे दाखविले.

जठरातून अन्न ग्रहणीत उतरते. तुपाचे पचन सुरू होऊन मोकळी झालेली मेदाम्ले तेथील अस्तरातील विशिष्ट पेशींना लागतात आणि या पेशी कोलेसिस्टोकायनिन रक्तात सोडतात. त्याची मात्रा किती असते? जेवणानंतरही एका लिटर रक्तद्रवात ग्रॅमच्या एक कोट्यंशाहून कमी. एवढ्या अल्प पदार्थाने पित्ताशय दाबले जाते, ओडीचा परिसंकोची स्नायू, म्हणजे पित्तनलिकेच्या मुखाशी असलेले स्नायूचे वलय, सैल होते आणि साठलेले दाट पित्त ग्रहणीत उतरते. मज्जातंतूंचाही या कामात वाटा असतो. प्राणेशा मज्जातंतूच्या द्वारे येणारे ॲसिटिलकोलीन हे रसायनही याच स्नायूला आकुंचनाचा हुकूम देते. पण जेवणानंतरचा मुख्य हुकूम संप्रेरकाचाच.

लंडनच्या नळाचे पाणी

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. संप्रेरक पेशीच्या आत शिरतच नाही. बाहेरूनच दार ठोठावते. मग आतला स्नायू आखडतो कसा? या शोधाची सुरुवात पित्ताशयापासून फार दूर, बेडकाच्या हृदयापासून झाली.

१८८२-८३ च्या सुमारास लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडते ठेवण्याचे प्रयोग करीत होते. ते छान चालत होते. नंतर लक्षात आले की, हे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी चुकून नळाच्या पाण्याने बनविले गेले होते. शुद्ध पाण्याने द्रावण केले तर हृदयाचे आकुंचन लवकरच थांबे. लंडनचे पाणी जड असते, त्यात चुन्याचे क्षार असतात. त्यातील कॅल्शियममुळेच हृदय चालू होते. हाडे-दात घडविणारा हा पदार्थ स्नायूंना हलविण्याचेही काम करतो, ही गोष्ट अशी उजेडात आली. योगायोग असा की, त्याच १८८२ साली जुलै महिन्यात बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी एका रुग्णाचे पित्ताशय शस्त्रक्रियेने प्रथमच काढून टाकले. पित्ताशय काढणाऱ्याला आणि कॅल्शियम शोधणाऱ्याला एकमेकांच्या कामाचा काही संबंध असेल अशी शंकाही येण्याचे कारण नव्हते.

कॅल्शियमच्या या शक्तीचे मर्म त्याच्या वाटणीत आहे. पेशीच्या बाहेरील द्रवात मुक्त कॅल्शियम जेवढे असते, त्याच्या दहा हजारावा हिस्सा पेशीच्या आत असतो. भरलेल्या धरणाच्या पायथ्याशी कोरडे पात्र असावे, तशी ही स्थिती असते. दार किंचित उघडले तरी आत लोंढा येतो. निरोप पोचवायला याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल, कारण जेथे मुळात जवळजवळ काही नाही तेथे थोडीशी भरही लगेच ‘जाणवते’. सोडियमने हे काम झाले नसते. पेशीत ते आधीच बऱ्यापैकी असते.

आता पित्ताशयाच्या एका स्नायुपेशीत काय घडते ते क्रमाने पाहू. पेशीपटलावर कोलेसिस्टोकायनिनला धरून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. संप्रेरक ग्राहीला बिलगले की पटलाच्या आतील अंगाला असलेले जी-प्रथिन जागे होते आणि ते एका एंझाइमला कामाला लावते. हे एंझाइम पटलातीलच एका मेदयुक्त रेणूचे दोन तुकडे करते. त्यांपैकी एक तुकडा पटलातच राहतो. दुसरा पाण्यात विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या अंतरंगात पसरतो. त्याचे नाव इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट. पेशीच्या आत पातळ पडद्यांच्या नळ्यांचे एक जाळे असते आणि त्यात कॅल्शियमचा साठा करून ठेवलेला असतो. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट या जाळ्याची दारे उघडते आणि कॅल्शियम बाहेर पडते. या तुकड्याचे कार्य १९८३ साली केंब्रिजचे मायकेल बेरिज, जर्मनीतील इरेने शुल्त्स व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले. त्यांनी प्रयोगासाठी घेतल्या होत्या त्या पेशी स्वादुपिंडाच्या होत्या, म्हणजे पित्ताशयाच्या शेजाऱ्याच्या आणि त्याच संप्रेरकाच्या हुकमात वागणाऱ्या.

सुटलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या लहानशा प्रथिनाला चिकटते. या प्रथिनावर कॅल्शियमचे चार आयन बसण्याच्या चार जागा असतात. ते १९७० साली अमेरिकेत च्युंग व जपानमध्ये काकिउची यांना स्वतंत्रपणे सापडले. चारही जागा भरल्या की कॅल्मोड्युलिन आपला आकार बदलते आणि एका दुसऱ्या एंझाइमला मिठी मारते. हे एंझाइम मायोसिन या स्नायुप्रथिनाच्या एका भागावर फॉस्फेटचा गट बसविते. फॉस्फेट बसले की मायोसिनचे हात शेजारच्या ॲक्टिनच्या तंतूंना पकडून ओढू लागतात, पेशी आखूड होते आणि अशा असंख्य पेशी मिळून पित्ताशयाची भिंत आवळली जाते.

दंडाच्या स्नायूत असे नसते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तेथे कॅल्शियम ॲक्टिनच्या तंतूवरील ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते आणि वाट अडवून बसलेला अडसर दूर होतो. ट्रोपोनिनचा शोध जपानमधील सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात लावला. एबाशींपूर्वी कॅल्शियमला असे महत्त्व द्यायला अनेक नामवंत शास्त्रज्ञ तयार नव्हते. अरेखित स्नायूत ट्रोपोनिन नाही. तेथे अडसर काढायचा नसतो, तर मायोसिनलाच फॉस्फेटचा परवाना द्यावा लागतो. परवाना देण्यात वेळ जातो, म्हणून हा स्नायू मंद. पण एकदा पकड बसली की फार थोड्या शक्तीत ती टिकवून धरता येते. पोटरीच्या स्नायूने अर्धा तास असा ताण धरला तर तो थकून गोळे येतील. पित्ताशयाला त्याचे काहीच वाटत नाही.

दोन साठे असल्याचे कसे कळले

वाचकाला अशी शंका येणे रास्त आहे की, डोळ्यांना न दिसणाऱ्या या गोष्टी इतक्या खात्रीने कशा सांगता येतात. यासाठीचा एक प्रयोग समजायला सोपा आहे. पित्ताशयाच्या भिंतीची एक पट्टी कापून ती कोमट, प्राणवायू मिसळलेल्या क्षारद्रावणात टांगतात. तिचे एक टोक स्थिर व दुसरे ताण मोजणाऱ्या उपकरणाला जोडलेले असते. द्रावणात कोलेसिस्टोकायनिन घातले की पट्टी आखडते आणि ताणाची रेषा वर चढते. पोटॅशियम वाढविले तरी ती आखडते, कारण त्यामुळे पेशीपटलाचा विद्युतभार बदलून पटलातील कॅल्शियमची द्वारे उघडतात.

आता द्रावणातील कॅल्शियम काढून टाकावे. पोटॅशियमला मिळणारा प्रतिसाद नाहीसा होतो; बाहेरच कॅल्शियम नसेल तर आत काय येणार? कोलेसिस्टोकायनिनला मात्र पट्टी काही काळ प्रतिसाद देते आणि मग तीही थकते. याचा अर्थ उघड आहे. पेशीत आकुंचनाला लागणारे कॅल्शियम दोन ठिकाणांहून येते. एक बाहेरून पटलाच्या द्वारांतून आणि दुसरे आतल्या जाळ्यातील साठ्यातून. आतला साठा घरातल्या रांजणासारखा आहे. तो लगेच उपयोगी पडतो, पण विहिरीतून भरला नाही तर संपतो. १९८० नंतरच्या दशकात रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियमच्या संगतीत आपली चमक बदलणारी रंगद्रव्ये तयार केली. तेव्हापासून जिवंत पेशीत कॅल्शियमची लाट उठताना व ओसरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येऊ लागली आहे. गिनीपिगच्या पित्ताशयात संप्रेरक नसतानाही अशा लहान लहान लाटा आपसूक उठत असतात, असे त्यातून दिसले. म्हणजे दोन जेवणांच्या मध्येही हा स्नायू अगदी निपचित पडलेला नसतो.

लाट ओसरणेही तितकेच आवश्यक आहे. जाळ्याच्या पडद्यातील पंप कॅल्शियम पुन्हा आत ओढून घेतात, पेशीपटलावरील पंप ते बाहेर फेकतात आणि एक वेगळे एंझाइम मायोसिनवरील फॉस्फेट उतरविते. पित्ताशय सैल होते व पुन्हा भरू लागते. सैल होण्यासाठीही स्वतंत्र निरोप असतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून निघणारे एक संप्रेरक ‘आता भरू लाग’ असे पित्ताशयाला सांगते, हे २००६ साली उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

निरोप कोठे अडतो

आता गाळाकडे वळू. पित्तातील कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तलवणे आणि लेसिथिन त्याला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतात. कोलेस्टेरॉलचे प्रमाण या धारणशक्तीच्या पलीकडे गेले की त्याचे स्फटिक सुटू लागतात. पण स्फटिक सुटला म्हणजे खडा झाला असे नाही. पित्ताशय रोज दोन-तीन वेळा नीट रिकामे होत असेल तर हे बारीक कण पित्ताबरोबर वाहून जातात. ते साचून वाढायला निवांतपणा लागतो आणि मंदावलेला स्नायू तो मिळवून देतो. फ्रान्समधील डॉक्टरांनी १९८३ साली याचा स्पष्ट पुरावा दिला. ज्या रुग्णांना तोंडाने काही न देता सर्व पोषण शिरेवाटे दिले जात होते त्यांची त्यांनी वारंवार तपासणी केली. आतड्यात अन्न नाही म्हणून संप्रेरकाचा निरोप नाही, आणि निरोप नाही म्हणून आकुंचन नाही. सहा आठवडे उलटल्यावर त्यांतील प्रत्येकाच्या पित्ताशयात गाळ दिसला. तोंडाने खाणे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो नाहीसाही झाला. गरोदरपणीही प्रोजेस्टेरॉनमुळे हा स्नायू शिथिल होतो आणि गाळ दिसतो. बाळंतपणानंतर तो बहुधा निघून जातो.

परंतु ज्याला भूक आहे, जो रोज जेवतो, त्याचा स्नायू का मंदावावा? या प्रश्नावर अमेरिकेत होसे बेहार व पिएरो बियांकानी यांनी केलेले काम मला या विषयातील सर्वांत मोलाचे वाटते. शस्त्रक्रियेत काढलेल्या पित्ताशयांच्या पट्ट्यांची त्यांनी तुलना केली. ज्यांच्यात कोलेस्टेरॉलचे खडे होते त्यांचे स्नायू कोलेसिस्टोकायनिनला दुबळा प्रतिसाद देत. ज्यांच्यात रंगद्रव्याचे काळे खडे होते त्यांचे स्नायू त्या मानाने चांगले आखडत. म्हणजे केवळ खडा असल्यामुळे स्नायू दुबळा होतो असे म्हणता येत नव्हते. मग साखळीची नेमकी कोणती कडी तुटली? त्यांनी सुट्या पेशी घेऊन ग्राहीला वगळून थेट जी-प्रथिनाला चेतविले. पेशी व्यवस्थित आखडल्या. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट थेट आत पोचविले; तरीही आखडल्या. आतला साठा, कॅल्मोड्युलिन, मायोसिन सर्व काही ठीक होते. निरोप अडत होता तो उंबरठ्यावरच.

उंबरठ्यावर काय झाले होते? पित्तातील जादा कोलेस्टेरॉल भिंतीत झिरपून स्नायूंच्या पेशीपटलातच मुरले होते. त्यामुळे पटल ताठर झाले आणि ग्राही व जी-प्रथिन यांची गाठ पडेनाशी झाली. या पेशी कोलेस्टेरॉलरहित मेदकणांच्या द्रावणात काही काळ ठेवल्या असता जादा कोलेस्टेरॉल बाहेर ओढले गेले आणि पेशी पुन्हा पूर्ववत आखडू लागल्या. हा शेवटचा प्रयोग निर्णायक होता. खारीच्या कुळातील प्रेअरी डॉग या प्राण्याला कोलेस्टेरॉलयुक्त अन्न दिले तर खडे दिसण्यापूर्वीच त्याच्या पित्ताशयाचे आकुंचन मंदावते, हेही आधी दिसून आले होते. मंदपणा हा खड्याचा परिणाम नसून बऱ्याच अंशी त्याचा पूर्वज आहे, असे मानायला यामुळे आधार मिळतो. अर्थात पित्तातील कोलेस्टेरॉल मुळात का वाढते हा प्रश्न उरतोच. त्यात आनुवंशिकता, लठ्ठपणा, स्त्री-संप्रेरके आणि झपाट्याने वजन उतरविणे या सर्वांचा हात असतो.

उत्तर आणि दक्षिण

हा विषय राजस्थानला का जवळचा आहे हे आता ध्यानात येईल. १९६८ साली रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी भारतभरच्या रेल्वे कामगारांतील पित्ताश्मरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर भारतीय कामगारांत हा विकार दक्षिण भारतीयांच्या सुमारे सातपट आढळला. रेल्वे कामगारांची निवड चतुर होती. नोकरी तीच, पगार तोच, औषधोपचाराची सोय तीच. फरक प्रांताचा आणि खाण्यापिण्याचा. (जयपूर संस्थानची रेल्वे १९५१ साली मुंबईत मुख्यालय असलेल्या पश्चिम रेल्वेत विलीन झाली होती आणि २००२ पर्यंत जयपूर विभाग तिच्याच अखत्यारीत होता.) पुढील काळात खड्यांचे पृथक्करण झाले तेव्हा आणखी एक भेद पुढे आला. उत्तरेतील खडे बहुतांशी कोलेस्टेरॉलचे, तर दक्षिणेत रंगद्रव्याच्या खड्यांचे प्रमाण बरेच मोठे. म्हणजे ज्या प्रकारात स्नायूचा उंबरठा बंद पडतो तोच प्रकार उत्तरेत अधिक. पित्ताशयाचा कर्करोगही उत्तर भारतात, विशेषतः स्त्रियांत, दक्षिणेपेक्षा अधिक दिसतो आणि अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या पित्ताशयात खडे असतात. याचा अर्थ खडे असलेल्या प्रत्येकाने धास्ती घ्यावी असा नाही. पुष्कळांचे खडे जन्मभर मुके राहतात.

यावरून तूपच दोषी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. तूप आतड्यात येते म्हणून तर पित्ताशय रिकामे होते. अगदी स्निग्धरहित आहारावर वजन उतरविणाऱ्यांत खडे अधिक होतात, हे अनुभवास आलेले आहे. खडा आधीच असेल तेव्हा मात्र तुपाचे जेवण त्रासदायक ठरते. संप्रेरक येते, शाबूत असलेला स्नायू आखडतो आणि खडा पित्ताशयाच्या निमुळत्या मानेत जाऊन अडकतो. स्नायू दाबतो आहे आणि वाट बंद आहे, अशा अवस्थेत बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात जी कळ येते ती तासन् तास टिकते आणि पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते. ताप, थंडी किंवा कावीळ यांची जोड मिळाली तर रुग्णालय गाठण्यास एक दिवसही लावू नये.

पित्ताशयाचा स्नायू किती जोमदार आहे हे आज श्राव्यातीत ध्वनीच्या तपासणीने, म्हणजे सोनोग्राफीने, वेदनेशिवाय मोजता येते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार ०.५२ ने गुणला की मिलिलिटरमध्ये घनफळ मिळते. समजा, उपाशीपोटी ही मापे ७, ३ व ३ आहेत. घनफळ सुमारे ३३ मिलिलिटर झाले. स्निग्ध पदार्थयुक्त नाश्ता देऊन पाऊण तासाने पाहिले तर मापे ५, २ व २ भरली. घनफळ सुमारे १० मिलिलिटर. म्हणजे ३३ पैकी २३ मिलिलिटर, जवळजवळ ७० टक्के पित्त बाहेर पडले. हा स्नायू उत्तम आहे. हाच आकडा ३०-३५ टक्क्यांच्या खाली असेल तर मंदपणाचा संशय घ्यावा लागतो.

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या निफेडिपिनसारख्या गोळ्या पेशीपटलातील कॅल्शियमची द्वारे अडवितात. रक्तवाहिन्या सैल होतात तो त्यांचा इष्ट परिणाम. पण तीच द्वारे पित्ताशयातही असल्याने त्याचे रिकामे होणेही काहीसे मंदावते. यासाठी कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. अनियंत्रित रक्तदाबाचा धोका कितीतरी मोठा आहे.

खडे विरघळविण्याच्या औषधांविषयी बाजारात जेवढे बोलले जाते तेवढे सिद्ध झालेले नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाने खडे विरघळू शकतात, पण ते लहान आणि कोलेस्टेरॉलचे असतील, पित्तनलिका मोकळी असेल आणि स्नायू चांगला काम करीत असेल तरच. शिवाय औषध थांबविल्यावर ते अनेकदा परत होतात. ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस पिऊन खडे ‘पाडण्याचा’ उपाय तर वारंवार सुचविला जातो. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवट मऊ गोळे दिसतात आणि रुग्णाची खात्री पटते. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांच्या पृथक्करणाची हकीकत प्रसिद्ध झाली. ते खडे नव्हतेच. प्यायलेल्या तेलापासूनच आतड्यात बनलेले साबणाचे गोळे होते. एवढे तेल एकदम पोटात गेले म्हणजे पित्ताशयाला आकुंचनाचा केवढा हुकूम मिळतो, आणि आत खरोखरच खडा असेल तर तो कोठे जाऊन अडकू शकतो, हे वरील विवेचनानंतर सांगायला नको.

वारंवार कळ येणाऱ्या रुग्णाला आज पित्ताशय काढण्याचाच सल्ला दिला जातो. लांगेनबुख यांच्या शस्त्रक्रियेनंतर शंभर वर्षे पोटावर मोठी चीर देण्याची रीत होती. १९८५ साली जर्मनीत एरिश म्यूए यांनी लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले आणि भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ही पद्धत आणली. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयापासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत ती आता नेहमीची झाली आहे. टाके गेल्यावर यकृतातील पित्त थेट नलिकेतून आतड्यात थेंब थेंब उतरत राहते आणि बहुतेकांना तुपाचे मध्यम प्रमाणातील जेवण पचते. थोड्यांना काही काळ पातळ जुलाबांचा त्रास होतो. कोलेसिस्टोकायनिनही जेवणानंतर पूर्वीसारखेच रक्तात येते. पित्ताशयाचे ग्राही आता नसतात, पण स्वादुपिंडाच्या पेशींत ते आधीसारखेच पाचक रसांचा हुकूम सोडते आणि ओडीचे वलय सैल करते.